वळणापलीकडची मिरची

मानेवाडा रस्त्यावरच्या आपल्या दुकानात कूलर विकताना प्रीतम ठवकर फारसा बोलत नसे. बोलण्याचे काम रिबनी करत. प्रत्येक कूलरच्या जाळीला तो वीतभर लांबीच्या लाल-पिवळ्या रिबनी बांधून ठेवी. गिऱ्हाईक समोर उभे राहिले की बटण दाबायचे. रिबनी सटकन ताठ होऊन गिऱ्हाइकाच्या छातीकडे बोट दाखवत. "हवा दिसत नाही ना साहेब, म्हणून हे," एवढेच तो म्हणे, आणि नागपूरच्या उन्हात तेवढे पुरे होई.

असा हा मितभाषी माणूस रविवारी सकाळी मात्र ओळखू येत नसे. हिंगण्याच्या पुढे एका बंद पडलेल्या कारखान्याचा गाड्या तपासायचा जुना रस्ता होता. दीड किलोमीटरचा फेरा, सात वळणे. शहरातल्या पंधरा-वीस हौशी लोकांनी तो रविवारपुरता मागून घेतला होता. तिथे कोणी कोणाशी शर्यत लावत नसे. प्रत्येकाचे भांडण घड्याळाशी. फाटकाजवळ एक पत्र्याची पाटी टांगलेली होती: 'सत्तरच्या आत'. ज्याने एक फेरा सत्तर सेकंदांच्या आत पुरा केला, त्याचे नाव तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिले जाई. आजवर अकरा नावे लागली होती. दोन वर्षे दर रविवारी येऊनही प्रीतमचा सर्वांत चांगला फेरा एकाहत्तर पूर्णांक चारचा होता.

आणि आज शेवटचा रविवार होता. होळीनंतर त्या जागेवर गोदामे उभी राहणार होती.

पाटीवर नाव लागून काय मिळणार, असे त्याच्या बायकोने, काजलने, एकदा विचारले होते. उत्तर लांबलचक होते. भिवापूरजवळच्या खेड्यातून येऊन त्याने पदार्थविज्ञानात पहिल्या वर्गाची पदवी मिळवली होती. नोकरी लागली नाही, कूलर लागले. त्याची त्याला लाज नव्हती. हवेचे जे शास्त्र त्याने पुस्तकात वाचले होते, तेच तो पत्र्यात उतरवत होता. फक्त ते शास्त्र त्याला खरोखर कळले आहे, हे एकदा तरी कोणीतरी मान्य करावे, एवढी त्याची इच्छा होती. गिऱ्हाइकाने नव्हे, घड्याळाने.

म्हणूनच त्याने आपल्या जुन्या हॅचबॅक गाडीसाठी मागची विंग स्वतः घडवली होती. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा करून गाडीच्या मागे बसवला की धावत्या गाडीला हवा खाली दाबते आणि चाके वळणावर रस्ता घट्ट धरतात. दुकानातले साठीचे वेल्डर नत्थूकाका आणि तो, दोघांनी मिळून अॅल्युमिनियमच्या पत्र्याला सुबक गोलाई दिली होती. पण ती विंग पाहून बर्डीवरच्या कापडवाल्यांचा गौरांग, ज्याच्या गाडीवर परदेशातून मागवलेली काळीशार विंग होती, दर रविवारी एकच प्रश्न विचारी.

"भाऊ, यात पाणी कुठून टाकायचं? खसची ताटी लावली का नाही?"

"तुह्या गाडीतबी एक बसवून देतो," नत्थूकाका म्हणत. "डोकं तं थंड राहीन."

त्या दिवशी सकाळी सातलाच मैदान गजबजले. नत्थूकाका दुकानाचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले होते; परतताना हिंगण्याला एक कूलर पोहोचवायचा होता. काजलही पहिल्यांदाच आली होती. प्रीतमने पहिला फेरा मारला: एकाहत्तर नऊ. दुसरा: एकाहत्तर सहा. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या हेल्मेटमधून घामाची धार लागली होती.

त्याच वेळी अरुंधती देवपुजारी यांची पांढरी गाडी रेषा ओलांडून गेली. अरुंधतीताई विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या; पाटीवर नाव केव्हाच लागलेले. गाडीला ना विंग, ना रंगीत पट्टा. मागच्या काचेजवळ छत्री आणि भाजीची पिशवी. घड्याळवाल्याने ओरडून सांगितले, "एकोणसत्तर दोन!"

प्रीतमने हताश होऊन विंगवर थाप मारली. काजल इतका वेळ ती विंग निरखत होती.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "दुकानातल्या दर कूलरले रिबन बांधता तुम्ही. मंग या शेपटीले काहून नाही बांधली? इथली हवा दिसते का तुम्हाले?"

नत्थूकाका खो-खो हसायला लागले. "अबे, पदवी कोणाची अन् डोकं कोणाचं!"

छोट्या हत्तीतल्या कूलरच्या रिबनी सोडून त्यांनी विंगवर वर-खाली बारा ठिकाणी चिकटवल्या. सरावाच्या फेऱ्यात अंतर राखून दोन गाड्या सोडत, म्हणून अरुंधतीताई त्याच्या मागोमाग निघाल्या. एक फेरा झाला. त्या गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हते.

"प्रीतम, तुझ्या रिबनी पुढे पाहतात रे."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी पुढे चालली, आणि रिबनीही पुढेच बोट दाखवतात! मागे उडायला हव्यात ना? त्या छताकडे तोंड करून नाचून राहिल्या आहेत. काही तर नुसत्या लोंबत होत्या."

प्रीतमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हॅचबॅकचे छत मागे एकदम तुटते. तिथे हवा गाडी सोडते आणि मागच्या मागे गिरक्या घेत राहते. त्याची विंग नेमकी त्या गिरकीत बसलेली होती. शिवाय कूलरच्या जाळीच्या पट्ट्या जितक्या तिरक्या, तितका झोत चांगला फिरतो, या धंद्याच्या सवयीने त्याने विंगही खूप तिरकी लावली होती. ती हवेला वळवत नव्हती, अडवत होती. दोन वर्षे तो एक अॅल्युमिनियमची फळी मिरवत फिरत होता!

"मी तेव्हाच म्हटलं होतं, हातभर वर ने," नत्थूकाका म्हणाले.

"अन् शटरचं काय?"

दुकानाचे शटर तीन वर्षांपासून अर्ध्यात अडकलेले होते. माणूस मान लववूनच आत शिरे. छताच्या वर काही गेले तर गाडी आत जाणारच नव्हती. म्हणजे विंगची उंची हवेने नव्हे, शटरने ठरवली होती. हे ऐकून गौरांग इतका हसला की त्याला बोनेटवर बसावे लागले. पण हसून झाल्यावर पाने-स्क्रूची पेटी घेऊन पहिला तोच धावत आला.

उंच आधार आणायचा कुठून? नत्थूकाकांनी छोट्या हत्तीकडे पाहिले. प्रीतमनेही पाहिले. हिंगण्याच्या गिऱ्हाइकाच्या कूलरचा स्टँड, भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांचा, आयताच पडलेला होता.

"गिऱ्हाइकाचा आहे, काका."

"गिऱ्हाईक अकराले झोपेतून उठन. तोवर आपला."

तासाभरात विंग छताच्या वर वीतभर चढली आणि तिचा तिरकेपणा निम्म्याने उतरला. मैदानाच्या तपासनिसाने ती दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली, चार बोल्ट आणखी आवळायला लावले, आणि मग मान हलवली. या खेपेस मागून पाहून आलेल्या अरुंधतीताईंनी दुरूनच हात उंचावला. रिबनी सरळ रेषेत, सगळ्या मागे!

सत्तर सहा.

मैदान अकराला बंद होणार होते. साडेदहा वाजले होते. रांग पाहता त्याच्या वाट्याला जेमतेम एकच फेरा येणार होता. सहा दशांश सेकंद! डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ, आणि तो कुठे सांडतो आहे हे त्याला समजत नव्हते.

समजले ते नत्थूकाकांना. चाळीस वर्षे मोटरींचे आवाज ऐकून त्यांचे कान तयार झाले होते.

"मोठ्या वळणावर तुह्या गाडीचा आवाज पडते, प्रीतम. मधातच पडते. या बाईंच्या गाडीचा नाही पडत."

"मी पाय उचलत नाही, काका."

"मंग तुहा पाय तुले न विचारता उठून राहिला."

मोठे वळण म्हणजे पाचवे. मातीच्या उंच टेकाडाला वळसा घालून रस्ता डावीकडे जाई, आणि टेकाडावर माजलेल्या बेशरमाच्या झुडपांमुळे पलीकडचे काही दिसत नसे. अरुंधतीताई त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"हे बघ, तुझी विंग आता काम करते आहे, पण वेगातच करते. वेग गेला की हवेचा दाबही गेला. तू भर वळणात पाय उचलतोस, म्हणजे तिने तुला धरलेलं असतानाच तिचा हात सोडतोस. भीती वाटून घ्यायची ती वळणाच्या आधी घे. ब्रेक सरळ रस्त्यावर, एकदाच. आत शिरल्यावर पाय स्थिर. पलीकडे काय दिसतं तुला?"

"काहीच दिसत नाही, ताई. त्याचाच तं घोळ आहे."

"दिसत नाही, ते ठीक. वाटतं काय?"

प्रीतमने तोंड उघडले, आणि जे बाहेर पडले त्याने तो स्वतःच दचकला.

"मिरची."

कोणी हसले नाही, कारण तो हसण्यासारखा दिसत नव्हता. त्याच्या गावाकडे हिवाळा सरता सरता डांबरी रस्त्याची अर्धी बाजू लाल होऊन जाते. तोडलेली मिरची वाळवायला तापल्या डांबरासारखी जागा नाही. वळणापलीकडे कोणाचे तरी वर्षभराचे कष्ट अंथरलेले असतात. तो मोटरसायकल शिकला तेव्हा वडील, बापूजी, मागे बसत आणि प्रत्येक वळणाआधी त्याच्या खांद्यावर दोन बोटे टेकवत. बोटे टेकली की ॲक्सिलेटरच्या मुठीवरचा हात ढिला सोडायचा. बापूजींना जाऊन नऊ वर्षे झाली. पण बोटे अजून टेकत होती आणि पाय अजून उठत होता.

काजलने ओढणी डोक्यावरून घेतली आणि ती चालू लागली.

"कुठं चालली वं?" प्रीतमने विचारले.

"त्या टेकाडावर, जाळीच्या मागं. तिथून दोन्हीकडचा रस्ता दिसते. मी बसून राहिली तं समजा, रस्ता खाली आहे, मोकळा. मिरची दिसली तं उठून उभी राहीन."

"तिथं झेंडेवाला आहे ना."

"झेंडेवाल्याले मिरचीतलं काय समजते?"

दहा बावन्नला त्याची पाळी आली. झेंडा खाली पडला आणि गाडी सुटली. पहिले वळण, दुसरे, तिसऱ्याचा तीक्ष्ण कोन. स्टिअरिंग त्याने झटका न देता लोण्यातून सुरी फिरवावी तसे फिरवले. चौथ्यातून बाहेर पडताना टायर किंचाळले. मग सरळ रस्ता, काटा नव्वदच्या पुढे, शंभरच्या पुढे, आणि समोर बेशरमाची झुडपे अंगावर धावून येऊ लागली. टेकाडावर निळी ओढणी होती. बसलेली. शेंगा सोलत असावी. झेंडेवालाही निवांत उभा.

ब्रेक. एकदाच. मग पाय पुन्हा ॲक्सिलेटरवर, आणि गाडी वळणात शिरली.

खांद्यावर दोन बोटे टेकली.

पोटरी ताणली गेली. ओढणी बसलेलीच होती. "खाली आहे, बापूजी," तो हेल्मेटमध्ये मोठ्याने ओरडला, "रस्ता खाली आहे!" आणि पाय त्याने जिथे होता तिथेच दाबून धरला. मागची चाके घसरली नाहीत. जणू एखाद्या थोर वजनदार माणसाने डिकीवर हात ठेवून गाडी रस्त्यावर टेकवून धरली होती. इतकी वर्षे पुस्तकात आणि पत्र्यात असलेली हवा त्याला पहिल्यांदा पाठीच्या कण्यात जाणवली. टेकाड सरकले, झुडपे सरकली, आणि पलीकडे काळाभोर, स्वच्छ, रिकामा रस्ता लखलखत उघडला!

उरलेली दोन वळणे कशी गेली हे त्याला नंतर आठवले नाही. रेषा ओलांडून त्याने गाडी थांबवली. घड्याळवाला आकड्याकडे दोनदा पाहून ओरडला,

"एकोणसत्तर आठ!"

गौरांगने त्याला खिडकीतूनच मिठी मारली. "भरलं भाऊ, पाणी भरलं!" नत्थूकाका पाना घेऊन स्टँड सोडवू लागले, कारण अकरा वाजत आले होते, पण त्यांच्या डोळ्यांत सारखी धूळ जात होती. अरुंधतीताईंनी पाटीवर बारावे नाव आपल्या हाताने लिहिले. काजल टेकाडावरून उतरून आली, तिने नाव वाचले, आणि मूठभर शेंगा नवऱ्याच्या हातावर ठेवल्या.

हिंगण्याच्या गिऱ्हाइकाला स्टँड थोडा धुळकटलेला मिळाला. एका पायाला लाल रिबन चिकटलेली होती, तीही त्याने चालवून घेतली.

होळीला प्रीतम आणि काजल गावी निघाली. विंग दुकानात राहिली होती. भिवापूर मागे पडले, गावचा फाटा आला, आणि चिंचेजवळच्या आंधळ्या वळणाआधी त्याचा पाय न सांगता उठला. गाडी मंद झाली, सावकाश वळली.

समोर अर्धा रस्ता लालभडक होता. मिरचीच्या कडेला त्याची आई, प्रयागबाई, सूप डोक्यावर धरून उन्हात उभी होती.

"लय हळू चालवतं रे गाडी!" ती म्हणाली. "केव्हाची वाट पाहून राहिली मी."

काजल खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होती. प्रीतमने दोन चाके मातीच्या कडेवर उतरवली, आणि एकही मिरची न चिरडता तो पुढे गेला.