वाणात दिलेली कादंबरी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या कॉलनीत वाण म्हणून चाळणी देतात, कंगवा देतात, फार झालं तर स्टीलची वाटी. मी त्या वर्षी माझी कादंबरी दिली. वाण नको म्हणायची रीत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

दोन प्रकाशकांनी साभार परत केल्यावर मीच माझी प्रकाशक झाले होते. नागपूरला स्वतःच्या खर्चानं छापून घेतली आणि ऑनलाइन विक्रीला ठेवली. पहिला अभिप्राय आला तो दोन ताऱ्यांचा. कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं, "नायिका पुठ्ठ्याची वाटते. पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटलं." माझा नुसता तिळपापड झाला. वर्ध्याच्या शाळेत इतकी वर्षं मी मुलांच्या निबंधांवर लाल शाईनं 'कृत्रिम', 'मनापासून लिही' असं बिनदिक्कत लिहीत आले होते; तेच कुणी मला लिहिलं तर मी दोन दिवस धड जेवले नाही. नवऱ्याला म्हटलं, त्या माणसाला साहित्यातलं काही कळत नाही. नवरा म्हणाला, "पण विकत घेतलं ना त्यानं?" मग नवऱ्याशीही अबोला.

म्हणून ते हळदीकुंकू. तिळगूळ हातावर ठेवायचा, पुस्तक द्यायचं आणि लगेच म्हणायचं, "फोन द्या बरं जरा." बायका फोन देत. मी त्यावर पुस्तकाचं विक्रीचं पान उघडायची, पाचही तारे पिवळे करायची आणि खाली त्यांच्या नावानं एखादी ओळ लिहायची. कुणाच्या नावावर 'डोळे पाणावले', कुणाच्या नावावर 'एका बैठकीत संपवली'. एकीनं आपलाच फोन शेजारच्या बाईपुढे धरून विचारलं, "पाय बरं, मी काय लिवलं तं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आज ते आठवलं की कान गरम होतात.

शेजारीण सगळ्यात शेवटी आली. ती घरी ब्लाऊज शिवते. माझेही तीच शिवते. "तुमीच लिवा ना ताई, मले असं जमत नाई," म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. मी लिहिलं, 'अगदी माझ्याच घरातली गोष्ट वाटली.' कौतुकाचं ठरलेलं वाक्य. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

कारण पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण तिच्याच घरातलं होतं. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात आम्ही दोघी तिच्या अंगणात तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले काढत बसलो होतो, तेव्हा तिनं मला ते सांगितलं. तिची सासू दोन महिने दवाखान्यात होती. डबा, धुणं, जागरण, सगळं हिच्या अंगावर. डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस ठेवा. हिनं नवऱ्याला सांगितलं, डॉक्टर घरी न्या म्हणतात. चौथ्या दिवशी सासू गेली. "लोकायनं पिठलं-भाकर आणून देली," ती म्हणाली. "अन् मी पोटभर जेवली, ताई. दोन महिन्यात पह्यल्यांदा." मग म्हणाली, "कोणाले सांगू नका." मी तिचा हात घट्ट धरला. आणि घरी येऊन, विसरायच्या आत, सगळं वहीत उतरवलं.

कादंबरीत मी सासूचं गाव बदललं, लुगड्याचा रंग बदलला. पिठलं-भाकर मात्र तशीच ठेवली, ती सोडवेना. दोन तारे देणारा त्या प्रकरणापर्यंत पोचला असता तर त्यानं तोंडात बोट घातलं असतं, असंही मला वाटायचं. शेजारीण वाचेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ब्लाऊज शिवणारी बाई तीनशे पानं कशाला वाचेल, असं मी धरून चालले होते.

सगळे अभिप्राय मी मोठ्या हौसेनं व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावले. शेजारणीनं आपला तेवढा उचलून तिच्या स्टेटसला लावला. आष्टीला दिलेल्या तिच्या नणंदेनं तो पाहिला. वहिनीचं नाव पुस्तकाखाली आलं म्हणून तिनं कौतुकानं पुस्तक मागवलं, वाचलं, आणि एसटीत बसून थेट भावाच्या घरी आली.

त्या दुपारी शेजारीण माझ्या दारात उभी राहिली. "नणंद आमच्या घरवाल्यासमोर विचारून राह्यली, आमची माय अशीच गेली काय म्हणून. मी म्हटलं, कादंबरी हाय ते, खोटं असते. तं म्हणे, मंग माह्याच घरातली गोष्ट म्हणून तू काऊन लिवलं?" तिनं दाराची चौकट धरली. "ताई, ते तुमी लिवलं, येवढं येऊन सांगा."

"तू वाचलंस पुस्तक?" मी विचारलं.

"वाचलं न. दोनदा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?"

माझ्या मनात काय यावं? हे कबूल केलं तर उद्या कॉलनीभर होईल की सगळे तारे मीच दिलेत. तिचा संसार टांगणीला लागला होता आणि मी तारे मोजत होते. "हातातलं काम आटपून येते," मी म्हणाले. हातात काहीही काम नव्हतं. ती दारातून हलली नाही. शेवटी मी चपला घातल्या.

तिचा नवरा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता. नणंद पलंगावर, मांडीवर माझं पुस्तक, पान दुमडलेलं. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं की ती ओळ हिची नाही, माझी आहे. हिचीच नव्हे, सगळ्यांच्या ओळी माझ्याच आहेत.

"अन् आतलं?" नणंदेनं विचारलं.

"मनचं आहे," मी म्हणाले. "सासू, दवाखाना, सगळं मनचं."

नवऱ्यानं मोठा श्वास सोडला आणि बायकोला म्हणाला, "चाय ठेव ताईसाठी." ती जागची हलली नाही. नणंद पुस्तकावरून हात फिरवत होती. तिचा राग ओसरला होता, डोळे भरले होते.

"मनचं हाय तं मंग लय चांगलं लिवलं बाप्पा तुमी," ती म्हणाली. "मले माही मायच दिसली. त्या पिठलं-भाकरीपाशी तं मी रडलीच."

मी कुणाकडे न मागता मिळालेलं ते पहिलं कौतुक. मला आनंद झाला. तो लपवायच्या आत माझ्या तोंडावर आला, आणि शेजारीण माझ्याचकडे बघत होती.