मॅचला माणसं का येईनात

आमच्या गावात फुटबॉल आला तो पंक्चर काढायला आला. माझ्या पोराचं रस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे. कोण्या गाडीवाल्यानं जाता जाता एक बॉल दिला, हवा राहत नाही, बघून ठेवा, येताना नेतो म्हणाला. तो काही आला नाही. पोरानं वर्षभर वाट पाहिली आणि मग बॉल गावातल्या पोरांना खेळायला दिला. आमच्या क्लबाचा इतिहास एवढाच. माझा पोरगा सांगतो तेव्हा त्याला बरीच शेपटं लावतो, नांदेडला आयटीआयला असताना आपण कसं खेळत होतो वगैरे. खरं असेल. मी काही नांदेडला नव्हते.

मी चौथी शिकलेली बाई. फुटबॉलमधलं मला इतकंच कळतं की बॉल जाळीत गेला की एकीकडचे नाचतात आणि दुसरीकडचे एकमेकांना शिव्या देतात. पण मॅचला माणसं का यायची आणि मग का येईनात, हे मला कळत होतं, कारण येणाऱ्यांत मी पण होते.

ग्राउंड म्हणजे गावाच्या खालच्या अंगाचा गायरानाचा तुकडा. पोरांनी दगड वेचले, कुठून तरी रोलर आणून ओढला आणि मुरूम दाबून ताटासारखा सपाट केला. आजूबाजूला एक झाड नाही, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ऊन. अशी जागा दिसली की आमच्याकडच्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येते, हळद. शिवरात्रीच्या मागंपुढं हळद निघते. हळदीच्या मोठ्या कुकरात शिजवली की ती पंधरवडाभर कडक उन्हात पसरावी लागते, वरखाली करावी लागते. जनावरं तुडवतात, रात्री कोणी पोतं भरून नेतं, आणि आभाळ आलं की धावत जाऊन ताडपत्री टाकावी लागते. भिजली की रंग गेला, रंग गेला की भाव गेला. म्हणून हळदीजवळ माणूस बसवावाच लागतो.

तर ग्राउंडच्या चारी बाजूंनी हळद पसरलेली, आणि हळदीच्या मागं गाव बसलेलं. सासवा, सुना, म्हातारे, तान्ही लेकरं, पाण्याच्या कळशा, भाकरीची फडकी. मधे पोरं खेळायची. बॉल ज्या बाजूला जाईल त्या बाजूची माणसं उठून उभी राहायची आणि ओरडायची. क्लबाला वाटायचं, काय ही गावाची साथ. आम्ही ओरडत होतो की बॉल हळदीत घालू नका रे मेल्यांनो.

बॉल पिवळा झाला होता, पोरांच्या पांढऱ्या बनियनी पिवळ्या झाल्या होत्या. एकदा जवळा बाजारकडच्या टीमचा एक गडी घसरून माझ्या जावेच्या हळदीत तोंडावर पडला. तो घरी गेला तेव्हा बायकोनं म्हणे दारातच विचारलं, दुसरं लग्न केलं का तिथंच. पुढच्या खेपेला ती बाई स्वतः त्याच्यासोबत आली. अशानं गर्दी वाढतच होती.

मग आमचा क्लब जिल्ह्याच्या लीगमध्ये गेला. सगळ्यात खालच्या गटात, पण गेला. पोराची मान ताठ झाली. लीगचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, रेषा आखा, रेषेबाहेर जागा मोकळी ठेवा. पोरानं चुन्याच्या रेषा मारल्या, सगळीकडून तार ओढली आणि फाटकाला बोर्ड लावला, येथे हळद वाळवू नये. बायका चिडल्या. कोणी माडीवर हळद घातली, ती माकडांनी उधळली. कोणी रस्त्याच्या कडेला घातली, तिच्यावरून टेम्पो गेले. पण ग्राउंडवर कोणी घातली नाही.

पुढच्या रविवारी मॅचला माणूस नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. फक्त आमचा टेलरचाचा. त्याला ना शेत ना हळद, तरी तो दर रविवारी घरची खुर्ची घेऊन यायचा आणि तारेला पाठ लावून बसायचा. पोरगा सगळ्यांना सांगत फिरायचा, बघा, एक तरी खरा शौकीन आहे.

बाकीचे का येत नाहीत, याच्यावर पोराचं डोकं फिरायची वेळ आली. त्यानं माइक भाड्यानं आणला, गुरुजींना बोलायला बसवलं. गुरुजी खेळाविषयी कमी आणि शिस्तीविषयी जास्त बोलले. मग फुकट चहा ठेवला. माणसं आली, चहा प्यायली, गेली. शेवटी पारावर बैठक बोलावली, विषय हाच, माणसं मॅचला का येत नाहीत. पोहे होते, सगळं गाव आलं. मॅचला येत नव्हते ते एकूण एक हजर, आणि न येण्याची कारणं सांगायला एकमेकांच्या पुढं.

एक म्हणाला मोबाईलनं वाटोळं केलं. एक म्हणाला आपली माणसं क्रिकेटची. गुरुजी म्हणाले नव्या पिढीला धीर नाही. आमची टीम हरते म्हणून, असंही एकानं दबक्या आवाजात सांगितलं. हळदीचं नाव कोणी काढलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर कोण सांगणार. गावात पंक्चर काढणारा दुसरा नाही.

मी म्हटलं, बोर्ड काढ, माणसं येतील. लोक हसले. पोरगा म्हणाला, "माय, हे लीगचं काम हाय, खळ्याचं न्हाई."

मग त्यानं चाचाला पुढं उभं केलं. म्हणाला, चाचा, तुमी काहून येता ते सांगा सगळ्यांना, म्हणजे ह्यांना कळंल. चाचा सरळ माणूस. तो म्हणाला, "इतवारी घरी तिन्ही जावई येऊन राहिले बाबा. इथं तकलीफ न्हाई."

पोरगा त्या रात्री जेवला नाही. सुनेनं ताट झाकून ठेवलं. मी म्हटलं, सकाळी खाईल, शिळ्या भाकरीनं कोणी मरत नाही.

पण पुढं त्याच्याहून वाईट झालं. सरपंचांकडं गोदामाची योजना आली आणि त्यांना सपाट जागा पाहिजे होती. सगळ्या शिवारात सपाट जागा एकच, कारण ती आमच्याच पोरांनी रोलर ओढून केलेली. सरपंच दुकानावर आले तेव्हा मी तिथंच बसले होते. माणूस वाईट नाही. नीट बोलले. म्हणाले, "दादा, रविवारी मी सोता येतो मॅचला. गाव दिसलं तर ग्राउंड तुमचं. तुमची पोरं अन् चाचाच दिसले तर गोदाम."

सरपंच गेल्यावर पोरगा टायर तसंच पाण्यात ठेवून बसून राहिला. चाळिशी उलटलेला माणूस. त्याला ना जुगार, ना दारू, ना राजकारण. एवढं एकच खूळ, आणि ते जायच्या बेताला आलेलं. मी पुन्हा म्हटलं, हळद येऊ दे. तो म्हणाला, हळदीच्या जिवावरची माणसं मला नकोत. माणसं फुटबॉलवर आली तर येतील. मी म्हटलं, मग नाही येणार.

शनिवारी तो पाहुण्या टीमच्या जेवणाचं सामान आणायला हिंगोलीला गेला. मी बैलगाडी काढायला लावली. आमची हळद माडीवर होती, माकडांनी आधीच तिचे हाल केले होते. सुनेला घेतलं, पोती भरली आणि ग्राउंडवर नेऊन रेषेच्या बाहेर पसरली. सून घाबरून म्हणाली, ते काय म्हणतील. मी म्हटलं, त्याला जन्म मी दिला, बोर्डानं नाही. मग तो बोर्ड उपटून मी हळदीच्या कडेला आडवा टाकला, कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून.

कोणाला सांगायची गरज पडली नाही. रस्त्यावरून जावेनं पाहिलं. तासाभरात ती आली, तिच्यामागं तिची सून, मग शेजारीण. संध्याकाळपर्यंत चारी बाजू पिवळ्या. सरपंचीणबाईंची गाडी सगळ्यात शेवटी आली. त्यांना गोलजाळीच्या मागची जागा मिळाली, तर त्या कुरकुरल्या की बॉल इकडंच जास्त येईल. मी म्हटलं, आपल्या टीमच्या समोरच्या जाळीमागं घाला, तिथं बॉल कधीच पोचत नाही.

रविवारी पोरगा ग्राउंडवर आला आणि फाटकात थांबला. समोर सगळं गाव. माझ्याकडं त्यानं असं पाहिलं की एखाद्या बाईला रडू आलं असतं. मी हळद पालटत राहिले. तेवढ्यात सरपंच कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात आले, मग त्याला हळद काढा म्हणताही येईना.

मॅच सुरू झाली. आमची पोरं त्या दिवशी जशी खेळली तशी कधी खेळली नव्हती. त्याचं कारण असं की बॉल बाहेर मारायची कोणाची छाती होईना. आपल्याच आजीच्या नाहीतर चुलतीच्या हळदीत गेला तर संध्याकाळी घरी जायचं कसं. म्हणून बॉल जमिनीवरून, बेतानं, एकाकडून दुसऱ्याकडं. मॅच बघायला आलेल्या लीगच्या माणसानं तोंडात बोट घातलं. पाहुणी टीम मात्र बिनघोर, लाथ मारली की बॉल सरळ हळदीत. तसा अख्खा काठ उठायचा. "डोळे फुटले का रे तुझे?" आमची जाऊ ओरडायची. "तुझ्या मायचा पत्ता दे मला." सरपंच बाजूच्याला म्हणाले, बायकांनासुद्धा किती गोडी लागली.

अर्धा खेळ झाला, बराबरी चालली होती. मग उगवतीकडून काळं आभाळ वर आलं.

आधी एक म्हातारा उठला. त्यानं वर पाहिलं आणि ताडपत्री ओढली. मग सगळं गाव एकदम उठलं. ढीग लोटायला फळ्या, खराटे, हात, जे मिळेल ते. आमच्या गोलकीपरची सासुरवाडी गावातलीच. सासऱ्यानं कोपऱ्यातून नुसती हाक मारली, "जावईबापू", आणि तो जाळी सोडून पळाला. त्याच्यामागं बाकीची टीम आपापल्या हळदीकडं. सरपंचीणबाईंनी नवऱ्याला नाव घेऊन हाक मारली नाही, नुसतं बघितलं. सरपंच खुर्ची पाडून धावले आणि गुडघ्यावर बसून हळद लोटू लागले. चाचाला कोणाची हळद नव्हती, तर तो दिसेल त्याची झाकत सुटला.

मधे ग्राउंडवर पाहुण्यांची टीम तेवढी उभी होती. थोडा वेळ ते एकमेकांकडं पाहत राहिले. मग त्यांच्यातला एक जण बॉल घेऊन हळूहळू चालत गेला आणि रिकाम्या जाळीत टाकून आला. शिट्टीवाल्यानं शिट्टी मारली. काय करील बिचारा, नियमात बसत असेल.

आभाळ तसंच वरून निघून गेलं. थेंब पडला नाही. आम्ही हळद पुन्हा पसरली, पोरं परत खेळायला आली आणि मॅच एका गोलानं हरली.

मॅच संपल्यावर पोरगा सरपंचांसमोर जाऊन उभा राहिला. सरपंचांचा सदरा, धोतर, मिशा, सगळं पिवळं. पोरगा म्हणाला, आता खरं ते सांगतो, ही माणसं माझ्या खेळासाठी आलेली नाहीत, मायनं आणली. मला त्याचा राग आला. देव देतो ते माणसानं निमूट घ्यावं. सरपंचांनी मिशा पुसल्या आणि बायकोकडं पाहिलं. त्या बाई ढिगावर हात ठेवून आमच्याकडंच बघत होत्या.

"गाव दिसलं म्हंजे दिसलं," सरपंच म्हणाले. "अन् इथं गोदाम बांधलं तर आमी हळद कुठं घालावी, तुझ्या दुकानात?"

घरी येईपर्यंत पोरगा माझ्या दहा पावलं पुढं चालला. हातपाय धुतल्यावर उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "मला फसवलंस माय. मला वाटलं होतं एक दिवस येतील, खेळासाठी."

मी म्हटलं, "तुला ग्राउंड पाहिजे होतं का कौतुक? दोन्ही एका गाडीत मावत न्हाईत."

मग त्यानं भाकर मागितली. तेव्हा मला कळलं की त्यानं ग्राउंड घेतलं.

रेषा हातभर आत सरकल्या, तार निघाली. लीगचा माणूस रेषा अरुंद म्हणून कुरकुरला, त्याला सरपंचीणबाईंनी किलोभर हळद बांधून दिली, तो गप्प झाला. चैत्र सरेपर्यंत गर्दी हटली नाही. मग हळद पॉलिशला गेली, पोती भरली, आणि पुढच्या मॅचला पुन्हा टेलरचाचा आणि त्याची खुर्ची. जावई अजून येतात.

परवा पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी केल्या. मग म्हणाला, माय, सोयाबीन दसऱ्याच्या सुमाराला वाळत घालतात ना? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, तवर सगळा पावसाळा जातो, पावसाळ्यात काय वाळवतात?

मी म्हटलं, "पावसाळ्यात काही वाळत न्हाई बाबा. तेवढे महिने जिंकून बघा."