पुरती फेरी

१९६३, एप्रिलमधला शेवटचा शनिवार. मी शाळेतलं कपाट रिकामं करत होते. माझं नव्हे, माझ्यासोबत शिकवणाऱ्या धाकट्या बाईचं. तिची पोलादपूरला बदली झाली होती, आणि महाडच्या आमच्या शाळेत आवराआवरी नेहमी माझ्याच वाट्याला येई.

कपाटाचं दार आपटलं आणि तिचं "हळू गो" आठवलं. मुलगी दार आपटो की पाटी फोडो, ती एवढंच म्हणे. एकदा मलाही म्हणाली. मी हजेरीपट आपटला होता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आवाज चढवत नाहीत आणि नेमकं त्यांचंच ऐकलं जातं.

माझी मुलगी चौथीत होती. शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियम माझाच. त्या बाईला मात्र मुलगी ताई म्हणू लागली. तेही घरी, जेवताना. "ताई भात असा नाहीत कालवत."

त्याआधीच्या डिसेंबरात आम्ही दोघींनी मुलींना डोंगरातली जुनी लेणी दाखवायला नेलं. पोहे, पाण्याची कळशी, मुली मोजणं, सगळं माझ्याकडे. तिच्याकडे फक्त मुलींचे हात. भिक्षूंच्या खोल्या पाहून आम्ही आतल्या मोठ्या गोल दगडाशी आलो. त्याला कुणी कुंकू लावलं होतं, फुलं वाहिली होती. आम्ही लहानपणापासून त्याला महादेवच म्हणत आलो. मी मुलींना बजावलं, "पिंडीला अर्धीच प्रदक्षिणा. तिथून मागे फिरायचं."

मुली फिरल्या. ती फिरली नाही. दगडावर तळवा टेकवत ती पुरती फेरी घालून आली. तिच्या मागोमाग माझी मुलगी.

"तुला काय सांगितलं होतं?" मी मुलीला विचारलं.

"ताई गेल्या म्हणून."

मुली पोह्यांकडे पळाल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, ही पिंडी नव्हे. स्तूप आहे. याला फेरी पुरती घालतात."

तिच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला होता, हे मला ठाऊक होतं. चारचौघींत चूक दाखवली असती, तर भांडता तरी आलं असतं. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

"बरं. पोहे वाढा आता," मी म्हणाले.

माझ्या रागात जात नव्हती, असं लिहिणार होते. थोडी असेलही. पण पोटात दुखत होतं ते मुलीवरून.

कपाटात शेवटी खडूचे तुकडे निघाले, कागदात नीट गुंडाळलेले. ते नव्या बाईंसाठी ठेवले आणि घरी आले. मुलगी जेवेना.

"पोलादपूर किती लांब?" तिने विचारलं.

"एसटी जाते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच मी मुलीला घेऊन डोंगर चढले. स्तूपाच्या अर्ध्या फेरीवर माझे पाय सवयीने थांबले.

"चल गो आई," ती म्हणाली. "पुरती घालायची."

तिचा एक हात माझ्या हातात होता. दुसरा दगडावर, तळवा टेकवून, अगदी तिच्या ताईसारखा. मी फेरी पुरी केली.