गोग्रासाची मेंढी

सत्तरच्या दशकात आम्ही शहराच्या कडेला, हुडकेश्वरला घर बांधलं, तेव्हा तिथे घरं कमी आणि शेतं जास्त होती. वडील रोज सायकलने गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानात कामाला जायचे. आई दिवसभर खाऊ घालायला कोणीतरी शोधत असायची. दारात आलेला माणूस "जेवून आलो" म्हणाला, तरी तिचा विश्वास बसायचा नाही.

शेजारच्या मोकळ्या जागेत एक धनगर नवराबायको पाल ठोकून राहायचे. धनगराच्या पोटाचं ऑपरेशन निघालं आणि बायकोला त्याच्याजवळ धंतोलीच्या दवाखान्यात राहणं भाग पडलं. बाकीच्या मेंढ्या तिने दिराच्या कळपात घातल्या. एक मात्र गाभण होती, तिला लांब चालवत नव्हतं. ती तिने आमच्या अंगणात आणून बांधली.

"कुटार टाकत जा माय, अन् पाणी. दुसरं काही लागत नाही तिले."

"तू बेफिकीर जाय वं," आई म्हणाली. "लेकीसारखी ठेवीन."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि आईच्या प्रत्येक वाक्यावर टोमणा मारल्याशिवाय मला राहवत नसे. "मंग तिचं काही खरं नाही," मी म्हणाले. "मले पाह्य नं, कशी फुगवून ठेवली तू." धनगरीण हसली, आईसुद्धा हसली.

तो अधिक महिना होता. महिनाभर गोग्रास काढल्याशिवाय जेवायचं नाही, असा आईचा नेम. पण ऐन जेवणाच्या वेळी गल्लीतल्या सगळ्या गाई गुराख्याबरोबर रानात गेलेल्या असत. ताट वाढलेलं आणि गाय नाही! आईने अंगणातल्या मेंढीकडे नीट बघितलं.

"रवंथ करते नं? खूर फाटलेले हायेत नं? मंग गाईचीच लहान बहीण समज."

झाला शास्त्रार्थ. त्या दिवसापासून मेंढीला पुरणपोळी, वर तूप. गल्लीतल्या बायकांचीही हीच अडचण होती. त्याही पदराखाली पोळी झाकून यायला लागल्या. एकेकीची पोळी एकच, पण गल्ली अख्खी. मेंढीने कुटाराला, त्या वाळल्या भुशाला, तोंड लावणं सोडलं. "चव कळते वं मुकीले," आई कौतुकाने सांगायची.

एका सकाळी मेंढी उठेना. डावी कूस टम्म फुगली होती, दात करकर वाजत होते, रवंथ बंद. अंगणात पातळ हगवण पडली होती, तिला आंबूस वास. वडिलांनी कामाला दांडी मारून गुरांचे डॉक्टर आणले. त्यांनी काय खाऊ घातलं विचारलं, आणि आईने सगळं सांगितलं, तुपासकट.

"बाई, हिचं पहिलं पोट म्हणजे एक रांजणच असते," डॉक्टर म्हणाले. "त्यात बारीक बारीक जीव राहतात, तेच कुटार पचवतात. त्याहिले एकदम कणीक अन् गूळ देल्ला, तं सारं आंबून जाते. दाणा द्यायचाच, तं मूठभरापासून सवय लावा लागते."

त्यांनी पाण्यात खायचा सोडा कालवून पाजला आणि वाळल्या गवताशिवाय काहीही द्यायचं नाही म्हणून बजावलं. मेंढी वाचली. तिचा जबडा पुन्हा हलायला लागला, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. पण पुढच्याच आठवड्यात मेंढीने कोकरू टाकलं. ते मेलेलंच आलं.

बायका जमल्या. "मी तं एकच पोळी देल्ली होती," जी ती म्हणायची. ते खरंही होतं. "तुमचं काही नाही वं," आई म्हणाली, "माह्या दारात बांधली होती." नंतर कितीतरी दिवस ती ताटावर बसायची आणि घास चिवडून उठायची. मी थट्टेत बोलले तेच घडलं होतं, आणि त्याची मला मनापासून लाज वाटत होती.

धनगर बरा झाला. धनगरीण मेंढी न्यायला येणार कळलं, तेव्हा वडिलांनी आईला पढवून ठेवलं, "गाभणीचं होते कधी कधी असं. एवढंच सांग."

ती आली ती खुशीतच. "तिकडं जीव टांगणीले होता माय, पण हिची चिंता नव्हती. तुमच्या घरी लाडच झाले असन हिचे." बोलता बोलता तिचा हात मेंढीच्या पोटाखाली गेला आणि तिथेच थांबला.

"माह्या हातानं झालं," आई म्हणाली. "पुरणपोळ्या चारल्या मी तिले. कोकरू मेलेलं आलं."

वडील दारात उभे होते, ते आत वळले. धनगरिणीने पोटाखालचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "मादी होती काय?"

"हो."

आई चहाचं म्हणाली, ते धनगरिणीने ऐकलं नसावं. दोरी सोडली आणि ती निघाली. पण मेंढी हलेना. धनगरीण दोरी ओढत होती आणि मेंढी चारी पाय रोवून, मान वळवून, आमच्या स्वयंपाकघराकडे पोळीसाठी ओरडत होती. आई आत गेली, दार लावलं आणि दोन्ही हातांनी कान झाकून चुलीपुढे बसली.