वन्संचं तोंड

आमच्या जिन्यातल्या सगळ्यांसाठी ती कवळीबाई. सव्वीस वर्षं ती दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवते. ठशात प्लास्टर ओतायचं, साचा सुटला की त्यावर मेणाची हिरडी चढवायची, गरम सुरीने एकेक दात जागेवर बसवायचा. गावभराचं हसू तिच्या बोटांतून निघतं, पण तिला हसताना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. नवरा गेल्यावर ती थोरल्या नणंदेकडे राहायला आली, आणि त्या घरात हसण्याचा मक्ता वन्संकडेच होता.

"लग्न होऊन आली तेव्हा स्वतः कवळी होती," वन्सं पाहुण्यांना सांगत, "आता कवळ्या करते!"

पाहुणे हसत. ही खाली मान घालून चहा ओतत राही.

एक्कावन्नाव्या वर्षी तिने वाचनालयाच्या माडीवरच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. दर रविवारी दहा ते बारा. मास्तर वयाने तिच्या मुलासारखे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिचा कागद उचलून वर्गाला दाखवला. "हे सफरचंद आहे की सुजलेली हिरडी?" वर्ग खो खो हसला. बोलणी खायची सवय असल्यामुळे ती टिकली. चौथ्या महिन्यात मास्तर तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले, कागद नीट न्याहाळला आणि टोमणा न मारता पुढे गेले. त्या दुपारी ती गुणगुणत जिना चढली.

वन्संनी ते ऐकलं.

"घर वाऱ्यावर टाकून रेघोट्या मारायच्या, आणि वर गाणी? वर्गाचं प्रदर्शन आहे म्हणतेस ना? मग माझं चित्र काढ. मैत्रिणींना घेऊन येते. बरं आलं तर जा खुशाल. नाहीतर पुढच्या रविवारपासून घरी बसायचं."

वन्सं खिडकीपाशी बसल्या. गळ्यात मोत्यांची माळ, तोंडात कवळी. कवळी हिनेच केलेली. वन्सं दातांशिवाय कशा दिसतात ते फक्त हिला ठाऊक. पोटच्या मुलीसमोरही त्यांनी ती कधी उतरवली नव्हती.

"मान डावीकडे. हनुवटी खाली. आता गप्प बसा, ओठ करतेय."

वन्संना गप्प बसा म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. पण चित्रासाठी त्या बसल्या. हिला आतून गुदगुल्या झाल्या.

दोन संध्याकाळींत कागदावरच्या वन्सं दहा वर्षांनी तरुण झाल्या. दातांची रांग गळ्यातल्या मोत्यांना लाजवील अशी. वन्संनी दोनदा आरशात बघून चित्र पास केलं. मास्तर मात्र म्हणाले, "कवळीची जाहिरात छान झालीय. बाई कुठे आहे यात?"

हिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मास्तर काही म्हणोत, रविवार वाचत होता.

तिसऱ्या संध्याकाळी माळेचे चार मणी तेवढे राहिले होते. वन्सं बसून कंटाळल्या.

"बघायला बरं येतं गं तुला आता," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ महिनाभर तुझ्यासमोर छाती चोळत बसायचा. तेव्हा कुठे होते हे डोळे? लोकांच्या जबड्यात?"

पेन्सिल थांबली नाही. चारही मणी पूर्ण झाले.

"झालं, वन्सं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने फळीवरचा वन्संच्या हिरड्यांचा जुना साचा उतरवला, समोर ठेवला आणि कोरा कागद घेतला. नाकाकडे सरकलेली हनुवटी. आत ओढलेले गाल. दोरी आवळलेल्या पिशवीसारखे ओठ. माळ तीच, मणी न् मणी. प्रदर्शनात मास्तरांनी ते चित्र स्वतःच्या हाताने दाराजवळ लावलं. बघायला आलेले एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, "किती मायेने केलंय!"

वन्सं दोन मैत्रिणींना घेऊन आल्या.

"कोण गं ही म्हातारी?" पहिलीने विचारलं.

दुसरीने माळ ओळखली. तिने पहिलीला कोपराने ढोसलं, आणि दोघींनी एकदमच वन्संच्या तोंडाकडे पाहिलं.

वन्संचा हात तोंडावर गेला. "काढ ते," त्या हाताआडून म्हणाल्या.

"काढलंय की, वन्सं."

एका मैत्रिणीला हसू आवरलं नाही.

तेव्हापासून वन्सं ताट आपल्या खोलीत नेतात, दार लावून जेवतात. हिच्यासमोर त्या तोंडच उघडत नाहीत, ना घास घ्यायला, ना टोमणा मारायला. रविवारी कुणी अडवत नाही. कवळीबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलंय. परवा जिन्यात शेजारणीने तिला गाठलं. "अगं, म्हातारं माणूस ते. माफी मागून टाक एकदाची."

"मागायची आहे हो," ती म्हणाली. तिच्या काखेत कागदांची गुंडाळी होती. "पण आधी तो हात जमू दे. तोंडावर ठेवला होता ना, तो. पाच कागद फुकट गेले, करंगळीच येत नाही नीट."