धर्मशाळेतले दादा

आमच्या हिच्या मामांइतका भित्रा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि जगातला सर्वश्रेष्ठ खेळ कोणता याविषयी त्यांच्याइतक्या छातीठोकपणे बोलणाराही दुसरा झाला नाही. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदत होत्या हे मला अजून कळलेलं नाही. खेळ म्हणजे हुतुतू किंवा क्रिकेट नव्हे. टीव्हीच्या पडद्यावर आपण योद्धा नाहीतर मांत्रिक व्हायचं, भुयारं धुंडाळायची, राक्षसांशी लढायचं आणि लढता लढता ताकद कमवायची, असले कॉम्प्युटरवरचे खेळ. आज हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण मी बोलतोय ते ऐंशीच्या दशकातलं. तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द आमच्या शाळेत फक्त सामान्यज्ञानाच्या पेपरात यायचा आणि निम्मी मुलं तो सोडून द्यायची. मी त्याच शाळेत भूगोल शिकवत होतो. नवीनच लग्न झालं होतं, आणि सासरची सगळी माणसं पुण्याला असल्यामुळे मांडवीला राहणारे हे मामा-मामी हेच आमचं रत्नागिरीतलं सासर होतं.

मामा मूळचे बुरोंडीचे, पिढीजात मासेमारी करणाऱ्या घरातले. असं असून ते काट्याचा मासा खात नसत. घशात अडकला तर? मामी त्यांना जन्मभर सोललेली कोळंबी वाढत आल्या. नारळाच्या झाडाखालून जायची वेळ आली तर मामा भर उन्हाळ्यातही छत्री उघडत. एसटीत ते मधल्याच बाकावर बसत, कारण पुढून धडक बसते आणि मागून बसते, मधे कोण कशाला धडकेल, असा त्यांचा हिशेब होता. विजेचं बटण ते लाकडी उलथन्याने दाबत. अशा माणसाने अठरा वर्षं परदेशी जहाजावर नोकरी केली म्हटल्यावर मी थक्कच झालो होतो. तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "इंजिनखोलीत होतो, जावईबापू. तिथून समुद्र दिसत नाय." अठरा वर्षांत त्यांनी सगळे महासागर ओलांडले आणि एकही पाहिला नाही.

नोकरी सोडली तेव्हा जहाजावरच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्यांना आपला छोटा कॉम्प्युटर भेट दिला. जाड पुस्तकाएवढा डबा, त्यावर रबरी बटणं. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर खेळाची कॅसेट लावायची. पाच मिनिटं कानठळ्या बसवणारी किंचाळी ऐकली की खेळ सुरू. सोबत तीन कॅसेटी होत्या. पहिली गुहेची. तिच्यात चित्रं नव्हती, नुसती अक्षरं. दुसरी चौघांची: एक गाव, गावात धर्मशाळा, वेशीबाहेर एक कोरडी विहीर आणि विहिरीखाली दहा मजली भुयार. चार माणसांना आपण नावं द्यायची आणि खाली पाठवायचं. मेलेला माणूस कायमचा पुसला जाई. तिसरी कॅसेट बेटांची. तिच्यात जहाज होतं, निळं पाणी होतं, म्हणून मामांनी ती कधीच लावली नव्हती.

या तीन कॅसेटींच्या बळावर त्या घरात दर रविवारी दुपारी जगातला आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळ कोणता यावर वाद चाले. मामांच्या विरुद्ध बाजूला जवळच्या पाली गावचा रेडिओ दुरुस्त करणारा होता. मामांच्या डब्याचा ट्रान्सफॉर्मर एकदा जळला, तो दुरुस्त करायला हा आला आणि नंतर दर रविवारी एसटीने येतच राहिला. वय तिशीचं, खिशात कायम टेस्टर. त्याने तिन्ही खेळ खेळले होते, शिवाय डब्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलं होतं. त्याचं मत बेटांच्या बाजूने. "काका, त्यात सूर्य मावळतो हो! चार रंगांत मावळतो!" मामा म्हणत, "मावळंल. पण माणसांचं काय? माझ्या खेळात चार माणसं हायत. बेटांत तू एकटा. एकटा माणूस गेला काय, ऱ्हायला काय, सांगणार कोण?" आपण ज्याला हातही लावलेला नाही त्या खेळाचे इतके दोष दाखवणारा टीकाकार मी पुढे वर्तमानपत्रांतही पाहिला नाही. मी दोन्ही बाजूंनी माना डोलवत असे, कारण मामींची कोळंबी दोन्ही बाजूंच्या पानांवर पडायची.

रेडिओवाल्याला एक दुःख होतं. चौघांत त्याचं नाव नव्हतं. पहिला योद्धा म्हणजे खुद्द मामा, शौर्याचे गुण सगळ्यांत जास्त. दुसऱ्या मामी, मांत्रिक. तिसरा मी, आणि मला मामांनी चोर केलं होतं. "तुमची तब्येत बगून केलं," म्हणाले, "चोराला ताकद लागत नाय." चौथ्याचं नाव होतं दादा. दादा धर्मशाळेत बसून असत. आम्ही तिघं खाली जाऊन उंदरांशी, सांगाड्यांशी झुंजायचो, वर यायचो, आणि दादा जिथल्या तिथे. तीन वर्षांत ते एकदाही वेशीबाहेर पडले नाहीत.

"ज्या खेळात चारांतला एक नुसता बसून जेवतो, तो म्हणे सर्वश्रेष्ठ!" रेडिओवाला एकदा चिडून म्हणाला, "त्याला काढा नि मला घ्या." मामा उठून ओटीवर गेले आणि त्या दिवशी पुन्हा आत आले नाहीत. मग मामींनी आम्हाला हळू आवाजात सांगितलं. दादा म्हणजे मामांचे थोरले भाऊ. मामा एकोणीस वर्षांचे असताना एका सकाळी दोघांनी मिळून होडी काढायची ठरली होती. मामांनी आभाळ पाहिलं आणि कच खाल्ली. भावाभावांत जुंपली. थोरले एकटेच निघाले. आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. दादा त्या दिवशी रागाने "जातो" म्हणून गेले. होडी तिसऱ्या दिवशी सापडली, रिकामी.

वेशीवर पोचलं की तो खेळ विचारायचा, "जाणार का? हो की नाही?" आम्हा तिघांच्या वेळी "हो"चं बटण मामी ओल्या हातानेच दाबून टाकत. दादांच्या वेळी ते कुणालाही दाबू द्यायचं नाही, हा त्या घरातला नियम होता. त्यानंतर रेडिओवाल्याने दादांचा विषय काढला नाही. फक्त एकच म्हणाला, कॅसेटला बुरशी धरते, निदान तिची एक नक्कल तरी काढून ठेवू या. मामा घाबरूनच गेले. "माणसाची नक्कल काढून ठेवतात काय? मग खरा दादा कुठला म्हणायचा?"

आता त्या रविवारची गोष्ट. मामांना देवावाचून पाऊल टाकायची भीती, त्यामुळे भुयारातला प्रत्येक दरवाजा उघडण्यापूर्वी ते हात जोडून गाऱ्हाणं घालत. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी तीन लेकरं जमिनीच्या पोटात उतरलीत..." आणि आम्ही मागून, "व्हय म्हाराजा!" "त्यांच्या वाटेत कोण आडवा आला, त्याला उभा कर..." "व्हय म्हाराजा!" ग्रामदेवता झाली, बुरोंडीचे देव झाले, वेशीवरचे राखणदार झाले. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच तिसऱ्या मजल्यावर पोचलो होतो, म्हणून मामांनी गाऱ्हाणं जरा जास्तच लांबवलं. तेवढ्यात पडदा काळा झाला. आम्हाला वाटलं वीज गेली. पण खाली अक्षरं होती. आमच्या बत्तीतलं तेल संपलं होतं. खेळातली बत्ती घड्याळावर जळते ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. आम्ही देवाला हाका मारत होतो आणि तिकडे तेल चाललं होतं.

बत्तीशिवाय पाऊल उचलत नाही. कोपऱ्यात शिदोरीचा आकडा दिसत होता, तीस, आणि तोही घड्याळावर कमी होत होता. शून्य झालं की तिघेही संपले. डबा बंद करून सुटका नव्हती. विहिरीत उतरताना हे तिघे आत गेल्याचं खेळ आधीच कॅसेटवर लिहून ठेवायचा आणि वर आले तरच ते खोडायचा. वाट एकच होती. गावातून कुणीतरी बत्ती घेऊन खाली यायचं. आणि गावात एकच माणूस होता.

मामांच्या कपाळावर घाम आला. "नाय," ते म्हणाले. "आमी मेलो तरी चालंल. तो नाय." मामी चुलीकडून बाहेर आल्या. "अवो, मी पण हाय ना त्या अंधारात," त्या म्हणाल्या, "नि जावईबापू पण." ऐकायला हसू येण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. मलाही खरोखरच भीती वाटायला लागली. कुठेतरी तीन मजले खाली मी काळोखात बसलोय आणि माझी भाकरी संपत चालली आहे, असं मनात आलं आणि जाईना. सत्तावीस. सव्वीस.

"काका," रेडिओवाला म्हणाला, "तो प्रश्न बदलला तर?" हा खेळ म्हणजे आत लिहिलेल्या ओळी आहेत, त्याने सांगितलं, आणि वेशीवरचा प्रश्न हीसुद्धा एक ओळच आहे. खेळ मधेच थांबवून ती ओळ बदलता येईल. पण त्याने हे पूर्वी कधी केलं नव्हतं. चुकीचं बटण पडलं तर चौघेही पुसले जातील. मामांनी शिदोरीच्या आकड्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "हात पूस आधी. घामेजलाय."

त्याने खेळ थांबवला. पडद्यावर ओळीच ओळी वर सरकू लागल्या. तो पुस्तकात बोट ठेवून एकेक अक्षर शोधत होता, आणि उघड्या तारा सहज पिळणारा हा माणूस प्रत्येक बटण दाबण्यापूर्वी हात सदऱ्याला पुसत होता. मामींनी देवापुढे समई लावली. मामा उलथनं छातीशी धरून बसले होते. शेवटी ती ओळ सापडली. त्याने इंग्रजी शब्द खोडले, इंग्रजी अक्षरांतच नवे लिहिले आणि श्वास रोखून खेळ पुढे सुरू केला. शिदोरी चौदा. सगळे जिवंत.

दादा धर्मशाळेतून उठले. बत्ती घेतली. वेशीवर आले. आणि आजवर प्रत्येकाला जाणार का म्हणून विचारणाऱ्या त्या परक्या डब्याने पडद्यावर विचारलं: "दादा, येतो म्हणता ना?"

मामांनी उलथनं खाली ठेवलं आणि बोटाने बटण दाबलं. "म्हण रे," ते म्हणाले, "म्हण."

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. दादा लहान बाळाइतके दुबळे होते, एका उंदरानेही ते संपले असते. मामांनी त्यांना भिंतीच्या कडेकडेने नेलं. गाऱ्हाणं घालायला वेळ नव्हता, म्हणून मामी आणि मी नुसतंच "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" म्हणत राहिलो. दुसऱ्या मजल्यावर टीव्हीवरचं चित्र आक्रसलं. व्होल्टेज पडलं होतं. रेडिओवाल्याने डोळे मिटून घेतले. चित्र परत फुगलं. शिदोरी तीन असताना आम्ही तिघं बसलो होतो ती काळोखी जागा उजळली आणि एका ओळीत चार नावं दिसली.

चौघे वर आले. कॅसेटवर सगळं लिहून होईपर्यंत कुणी हललं नाही. मग मामा रडले. आवाज करून, पोरासारखे रडले. "त्या दिवशी मी होडीत असतो तर..." एवढंच म्हणाले. मामींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने नाक पुसून ते रेडिओवाल्याला म्हणाले, "आता सांग, कुठला खेळ मोठा?" तो म्हणाला, "तुमचा, काका." मामांना ते आवडलं नाही. "असा लगेच हरू नको रे," म्हणाले. "पुढच्या रविवारी काय बोलायचं मग?"

पुढच्या रविवारी मामांनी स्वतःहून बेटांची कॅसेट लावली. निळं पाणी पडद्यावर आलं, आणि मामांनी ते डोळे उघडे ठेवून पाहिलं. चार रंगांतला सूर्यही पाहिला. "बरा हाय," ते म्हणाले. "पण सर्वश्रेष्ठ नाय." छत्री मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

मामा-मामी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. डबा केव्हाच बंद पडला. कॅसेट पालीला रेडिओवाल्याकडे आहे, तांदळाच्या डब्यात कोरडी ठेवलेली. आमचा वाद अजून चालतो, पण बाजू बदलल्या आहेत. आता तो चौघांच्या खेळासाठी भांडतो आणि केवळ मामांचा वाद बंद पडू नये म्हणून मी बेटांची बाजू घेतो. मागे माझा मुलगा त्याला म्हणाला, ती कॅसेट द्या, मी दहा मिनिटांत तिची नक्कल काढून देतो, मग ती कधीच खराब होणार नाही. ज्याने एकदा स्वतःच मामांना नक्कल सुचवली होती त्या माणसाने तांदळाचा डबा जवळ ओढून घेतला आणि म्हणाला, "माणसांची नक्कल काढतात काय?"

त्या कॅसेटवरच्या धर्मशाळेत मामा आहेत, मामी आहेत, दादा आहेत, आणि सत्तावीस वर्षांचा एक चोर आहे. त्या फितीला बुरशी धरेल ही भीती मात्र मला मामांकडून मिळाली आहे. मे महिना संपत आला की मी पालीला फोन करतो आणि तांदूळ बदललेस का, असं विचारतो. तो म्हणतो, कालच बदलले. तरी मी दोन दिवसांनी पुन्हा फोन करतो.