मामाच्या जागी कोण उभं होतं?

“मॅडम, किती वेळा विचाराल? आमच्या घराण्यात कोनालाच कॅन्सर नाय.”

कळंबचे विलासभाऊ हे तिसऱ्यांदा सांगत होते आणि मी तिसऱ्यांदा फॉर्मवर ‘निल’ लिहून खोडत होते. वय एकोणचाळीस, धंदा मासेमारीचा, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले. मी वसईतल्या एका हॉस्पिटलात जेनेटिक काउन्सेलर आहे. म्हणजे नक्की काय, ते माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही. त्या सगळ्यांना सांगतात, “सून पेशंटच्या भावकीची चौकशी करते.” दुर्दैवाने ते बरोबर आहे.

वैताग असा, की पेशंट ‘नाही’ म्हणत होता आणि त्याची गाठ ‘हो’ म्हणत होती. आपल्या पेशी सतत स्वतःची नक्कल काढत असतात. नकलेत चुका होतात. त्या दुरुस्त करणारे काही जीन असतात. त्यातला एखादा जन्मतःच बिघडलेला असला, तर चुका साठत जातात आणि आतड्याचा कॅन्सर कमी वयात होण्याची शक्यता बरीच वाढते. होतोच असं नाही. पण असा जीन आईकडून किंवा वडिलांकडून येतो. भावाला तसा आला असेल, तर बहिणीलाही असण्याची शक्यता निम्मी. विलासभाऊंच्या गाठीत ही दुरुस्ती बंद पडल्याची खूण होती.

आणि बहीण होती. हर्षला, चौतीस वर्षांची, अर्नाळ्याला दिलेली. दोन महिने शौचाला रक्त जात होतं आणि ती मूळव्याधीचं मलम लावत बसली होती. कोलोनोस्कोपी म्हणजे मागच्या वाटेने कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघायचं. हे ऐकल्यावर तिने मला फोनवरच उडवून लावलं.

“दादाच बोलतो ना, घराण्यात नाय म्हनून? मग मला कशाला नळी?”

तेवढ्यात आमचे सर्जन रिपोर्ट घेऊन आले. “फॅमिली हिस्ट्री निल? नीट विचारलंत का?”

“सर, पणजोबांपर्यंत गेले.”

“मग खापरपणजोबांपर्यंत जा,” म्हणाले आणि स्वतः निघून गेले.

मी पुन्हा सुरू केलं. आजोबा? होडीवरून पडले. काका? दारूने. चुलतकाका? जिवंत, भांडतायत. शेजारी विलासभाऊंच्या बायको, भारतीताई, डबा उघडून बसल्या होत्या. त्यांचाही पेशन्स संपला.

“काय ओ मॅडम, मेलेल्यांची हजेरी घेता? ह्यांची मानसं कधी वेळेवर होती? आमच्या लग्नात ह्यांच्या मागे उभा रायला मामा पन नव्हता. मावशीच्या नवऱ्याला आयत्या वेळी उभा केला.”

“मामा का नव्हता?”

“दोन महिन्याआधी गेला ना. आतड्याला गाठ होती.”

मी विलासभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, “मामा आईच्या घराण्यातला. तुम्ही आमचं घरानं विचारलं.”

“आणि आई कशाने गेली?”

“पिशवीच्या कॅन्सरनं. पन ते बायकांचं.”

गर्भाशयाचा कॅन्सरही याच जीनमुळे होऊ शकतो. पण त्यांच्यावर कशाला चिडू? फॉर्मचं मराठी माझंच. ‘फॅमिली’ला ‘घराणे’ हा भारदस्त शब्द मीच शोधला होता आणि त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्यालाही ऐकवला होता. आईकडचं विचारलं नव्हतं असं नाही. “आईकडेही काही नाही ना?” असं विचारलं होतं. त्याला माणूस ‘नाही’शिवाय दुसरं काय म्हणणार?

विलासभाऊंच्या रक्ताच्या तपासणीत बिघडलेला जीन सापडला. भारतीताईंसमोरच मी हर्षलाला पुन्हा फोन लावला, स्पीकरवर.

“मी आता दुसऱ्या घरची, मॅडम. दादाचा आजार मला कसा लागेल?”

मी तोंड उघडायच्या आत भारतीताईंनी फोन ओढला. “तुझं आडनाव बदललं गो. आतडं बदललं काय?”

हर्षलाने फोन ठेवला. चौथ्या दिवशी ती आली.

आत दोन पॉलिप निघाले. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आत चामखिळीसारखी आलेली वाढ. त्यातल्या मोठ्या पॉलिपने कॅन्सरच्या दिशेने वाट धरली होती, पण तिथवर पोचला नव्हता. नळीतूनच दोन्ही काढले. जीन तिच्यातही तोच. आता ठरावीक मुदतीने नळी घालून घ्यायची, आयुष्यभर.

रिपोर्ट ऐकून ती माझ्यावरच उखडली. “मग मूळव्याध नव्हतीच? ते मलम मी फुकट लावलं? आधी सांगायचं ना!”

आधी मी चार वेळा सांगितलं होतं. आमच्या कामात नुसतं बरोबर असून भागत नाही. एक भावजय लागते.